दामलेकाकांचा आलुबुखार पाय

दामलेकाकांचा ओव्हन चालू असला की आमच्या इमारतीत शिंकायचीही चोरी.

न्युरेम्बर्गमध्ये रविवारी तसंही कोणी भिंतीला ड्रिल लावत नाही, पण काकांचा कायदा त्याहून कडक. आधी ते स्वतःच्या दाराची बेल बंद करतात. मग जिन्यात पुठ्ठ्याची पाटी लावतात: ‘कृपया हळू. आत हवा भाजली जात आहे.’ तळमजल्यावरच्या होफमानबाई पाटी दिसली की बूट हातात घेऊन बाहेर पडतात. मी काकांच्या बरोबर डोक्यावर राहते. त्या तासात माझ्या मुलीने पियानोला हात लावला, की खालून झाडूचा दांडा वाजतो.

“काका, दांड्याने तुमचा ओव्हनमधला पाय खाली बसत नाही वाटतं?” मी एकदा विचारलं.

“दांडा मी तालात मारतो. तुझी लेक तालात वाजवते का?”

ॲपल पाय सगळ्यांना माहीत आहे. हा त्याचा जुन्या वळणाचा चुलतभाऊ. सुके आलुबुखार भिजवायचे, शिजवून त्यांचा गर काढायचा, साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात तो अलगद मिसळायचा आणि खुसखुशीत पारीत भरून भाजायचं. काकांच्या जर्मन सासूबाई दुसऱ्या महायुद्धानंतर तरुणपणी इथल्या अमेरिकन सैनिकांच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. तिथून तो त्यांच्या घरी आला आणि लग्नानंतर काकांच्या गळ्यात पडला.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला सगळे चकल्या-शंकरपाळे आणतात. काका हा पाय आणतात.

“यात अंडं आहे का हो?” जोशीवहिनी दर वर्षी विचारतात.

“अंडं नाही, वहिनी. अंड्यातली हवा आहे.”

एकदा कोणीतरी म्हणालं, “आलुबुखार म्हणजे उद्या सकाळी पोट साफ!” काकांनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. “ज्याला औषध हवंय त्याने दवाखान्यात जावं.”

काका इथल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांच्यासमोर ठेवलेली कोणतीही वस्तू ते आधी तिरपी करून बघतात. मी दिलेली पुरणपोळीसुद्धा त्यांनी उजेडासमोर धरली होती. बोलायची सुरुवात नेहमी “आल्झो, पहिला मुद्दा” अशी; आल्झो म्हणजे जर्मनमधलं ‘तर मग’. दुसरा मुद्दा मी इतक्या वर्षांत ऐकलेला नाही. मला कागदावर ओळीने कामं लिहून ती खोडत जायची सवय आहे, त्यामुळे याचा मला किती त्रास होतो ते मीच जाणे.

काकांच्या पत्नी इंग्रिडकाकू जाऊन आता काही वर्षं झाली. काकांना वाईट वाटेल म्हणून मंडळात त्यांचं नाव कोणी काढत नाही. काकाही काढत नाहीत. मूलबाळ नाही. उरल्या त्या सासूबाई. नव्वदी कधीच ओलांडलेल्या, शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात असतात. काका त्यांना मुट्टी म्हणतात. जर्मन लेकरं आईला म्हणतात तसं. दर रविवारी पाय घेऊन ते बसने तिकडे जातात. नाताळपासून मुट्टी जवळजवळ बोलतच नव्हत्या. तिथल्या नर्स म्हणायच्या, वयानुसार व्हायचंच. काकांना ते मान्य नव्हतं. “बोलेल. बोलायलाच हवी,” एवढंच म्हणायचे.

या हिवाळ्यात काका दारासमोरचा बर्फ काढताना घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे.

“आल्झो, पहिला मुद्दा. तुला दोन हात आहेत.”

मी सामान काढलं, मोजलं, ओळीने मांडलं. काका डाव्या हातात चमचा घेऊन मुकादमासारखे उभे.

“काका, वरून मिक्सर आणते. दोन मिनिटांचं काम.”

“मिक्सरला थांबायचं कळत नाही. फेट.”

“हात भरून आला हो.”

“दुसरा लाव. मला एकच आहे. मी तक्रार करतोय का?”

“सकाळपासून तेच तर करताय!”

पांढऱ्याची टोकं उभी राहिली. काकांनी भांडं तिरपं केलं, नापसंतीला जागा सापडली नाही म्हणून थोडे हिरमुसले. मी लिंबू उचललं, तर म्हणाले, “ते ठेव.”

“अहो, मुट्टींच्याच कृतीत आहे. मागे तुम्हीच नाही का मला शिकवलंत?”

“आज नको.”

“नाहीतर नुसतं गोडमिट्ट लागेल.”

“लागू दे.”

मी लिंबू ठेवलं. आणि पुढच्या आठवड्याच्या कामांत मनातल्या मनात एक ओळ वाढवली: काकांचं डोकं तपासायला डॉक्टरांची वेळ घेणे.

पाय मांडीवर धरून काका माझ्या गाडीत बसले. प्रत्येक वळणावर ते मला शिव्या घालत होते. असे आम्ही वृद्धाश्रमात पोचलो.

मुट्टी खिडकीशी बसल्या होत्या. आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. काकांनी बशी पुढे ठेवली, काटा हातात दिला. त्यांनी एक घास खाल्ला. काही नाही. दुसरा खाल्ला. काका खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते. दाराशी उभी असलेली नर्स मला हळूच म्हणाली, “गेल्या रविवारी इतका सुंदर झाला होता. पण गुपचूप खाल्ला आणि झोपल्या.”

तिसऱ्या घासाला मुट्टींनी काटा खाली ठेवला.

“लिंबू कुठाय?”

आवाज खणखणीत. नर्स दचकली. काका सरळ बसले.

“विसरलो, मुट्टी.”

“नेहमीचंच आहे तुझं. डोकं कुठे असतं? लिंबाशिवाय हे काय, बाळाचं खाणं झालं.” त्या खऱ्याच चिडल्या होत्या. गालांवर रंग आला होता. “घरी गेलास की इंग्रिडला विचार. तिच्या हाताला अंदाज आहे.”

इंग्रिडकाकूंना पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो, तेव्हा मुट्टी पहिल्या रांगेत होत्या. मी काकांकडे पाहिलं.

“विचारतो,” काका म्हणाले.

“आणि तिला म्हणावं, टोपी घातल्याशिवाय बाहेर पडू नकोस. कान लगेच दुखतात तिचे.”

“हो, दुखतात. सांगतो.” काकांनी डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढली. “आणखी काय सांगू तिला?”