शाल्मलीस वाट दाखविल्याची हकीकत

श्री विद्यादेवी प्रसन्न असो, आणि प्रसन्न न होईल तरी निकाल वेळेवर लावो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत्‌नाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध अष्टमीचे दिवशी एका राज्यात बारावीचा निकाल प्रकट जाला, त्याचे वृत्त ऐसे जे, ते राज्यी सतरा वर्षांचे मूल जाले म्हणजे त्याने पुढील सारे आयुष्य काय करावे हे आठ दिवसांत ठरवावे असा शिरस्ता होता, आणि ते मुलाखेरीज सर्वांनी ठरवावे असाही शिरस्ता होता. तेथे विश्वंभरपंत गोसावी म्हणून सरकारी धान्यकोठीचे कोठावळे होते, त्यांची एकुलती कन्या शाल्मली बहुत चांगले गुण मिळवून पार जाली, मग घरी खलबत बसले, आणि मामा आले, शेजारचे निवृत्त फौजदार आले, आणि सर्वांनी एकमुखाने मसलत दिली की कन्येस वैद्य करावे. पंतांनी विचारिले, "वैद्यच का?" तेव्हां मामा बोलिले, "नाहीतर गुण वाया जातील." कन्या आत चहा करीत होती, तीस कोणी बाहेर बोलाविले नाही.

तरी पंत सावध मनुष्य, शास्त्रोक्त सल्ला घ्यावा म्हणून कन्येस घेऊन दिशादर्शन महालात गेले. तेथे दिग्विजयशास्त्री म्हणून थोर मार्गदर्शक विराजमान होते, त्यांनी कन्येची दहाही बोटे शाईत बुडवून ठसे घेतले, आणि यंत्रातून चाळीस पानांचा रंगीत अहवाल काढिला. त्यात लिहिले होते की, ही मुलगी कधी शांत असते, कधी चंचल असते, लोकांत रमते, परंतु एकांतही आवडतो. पंत चकित होऊन बोलिले, "अगदी हुबेहूब." शेवटच्या पानी निर्णय होता, वैद्यकी. कन्या हळूच बोलिली, "शास्त्रीबुवा, मला जीवशास्त्र पाठ होते, पण त्यात जीव रमत नाही." शास्त्री हसून बोलिले, "बाळ, मनुष्य खोटे बोलतो, बोटे बोलत नाहीत." आणि त्याच महालात एक आतले दार होते, ते थेट प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीत उघडत होते, आणि ती शिकवणी शास्त्रीबुवांचे मेहुणे चालवीत होते. पंतांस ही मोठी सोय वाटली.

मग मोहीम सुरू जाली. पहिले वर्षी परीक्षेच्या रणात शाल्मलीचा मोड जाला, दुसरे वर्षी पुन्हा जाला, आणि मुलगी बोलेनाशी जाली, मैत्रिणी आल्या तर झोपेचे सोंग घेऊ लागली, आणि जेवताना ताटाकडे पाहून जेवू लागली. पंतांनी शास्त्रीबुवांस विचारिले तेव्हां ते बोलिले, "अंगठा नीट उमटला नसावा, आणखी एकवार घेऊ." पंत तिसऱ्या मोहिमेचा सरंजाम करू लागले. परंतु शाल्मलीची मातोश्री सुभद्राबाई यांनी ते ऐकिले, आणि कोणास न सांगता पायी चालत हमीदाबाई शेख यांजकडे गेल्या. या बाई कन्याशाळेत तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त जालेल्या, यांचा महाल नव्हता, पाटीही नव्हती, दोन खोल्या आणि एक फाटका नकाशा होता.

दुसरे दिवशी मुलगी आली. बाईंनी तिचे गुण विचारिले नाहीत. बोलिल्या, "पोरी, वेळेचे भान जाते असे तू काय करतेस?" शाल्मली बोलिली, "मला कोणी हे विचारिले नव्हते, म्हणून आठवावे लागेल." बाई बोलिल्या, "आठव. घाई नाही. आणि आठवेना तर जाऊन पाहा." मग त्यांनी आपल्या तीन जुन्या विद्यार्थिनींस चिठ्ठ्या दिल्या, एक दवाखान्यात, एक छापखान्यात, एक भूजल खात्यात विहिरी मोजणारी, आणि सांगितले की ही पंधरा पंधरा दिवस तुमच्यासवे राबेल. दवाखान्यात मुलगी निमूट राहिली, छापखान्यात कंटाळली, आणि विहिरीवर गेली ती उन्हाने काळवंडून घरी आली, आणि ताटावर बसून सांगू लागली की एका गावी दोन विहिरी हाकेच्या अंतरावर, एकीस पाणी आणि दुसरी कोरडी, कारण मधे काळ्या दगडाची भिंत जमिनीत उभी आहे, आणि ती वरून दिसत नाही. आमटी निवून गेली तरी ती सांगत होती. सुभद्राबाईंनी पदर डोळ्यांस लाविला.

पंत बोलिले, "दगडांचे शिक्षण घेऊन काय करणार? लोक काय म्हणतील?"

शाल्मली बोलिली, "बाबा, दोन वर्षे मी तुमचे ऐकिले. आता घटकाभर माझे ऐका. मी नापास जाले याचे दुःख उरले नाही, पास जाले असते तर काय जाले असते याचे भय वाटते."

पंत उठून अंगणात गेले, आणि बऱ्याच वेळाने परत येऊन बोलिले, "मीही कोठीवर बसलो, कारण आमचे आबा कोठीवर बसले होते. मला नकाशे काढावयाचे होते. कोणी विचारिले नाही, आणि मीही सांगितले नाही." मग त्यांनी स्वहस्ते भूगर्भशास्त्राच्या प्रवेशाचा अर्ज भरिला, आणि मामांस कळविले नाही. मुलगी दूरच्या नगरी शिकावयास गेली, आणि पहिल्याच पत्री तिने मातोश्रीस बूट चिखलात रुतल्याचे चार पाने वर्णन लिहिले.

ही वार्ता दरबारी पोहोचली, तेव्हां सरकार बहुत प्रभावित जाले, आणि हुकूम सुटला की यापुढे प्रत्येक मुलास काय आवडते ते विचारावे. त्याकरिता नवे खाते निर्माण जाले, सात अधिकारी नेमिले, त्यांवर दिग्विजयशास्त्री प्रमुख जाले, आणि तीन प्रतींत भरावयाचा नमुना छापिला, त्यात मुलाच्या आवडीकरिता अर्धे बोट जागा सोडिली, आणि त्याखाली पालकांच्या शिफारशीकरिता पाऊण पान. हमीदाबाईंस कोणी बोलाविले नाही, त्याही गेल्या नाहीत.

तात्पर्य, एका मुलीचे बरे जाले, दोन वर्षे गेली ती गेली, आणि राज्य आहे तेथेच आहे. लिहिणाराने पाहिले तैसे लिहिले. वाचणाराचे घरी मूल असेल तर त्याने हा कागद ठेवून आधी त्यास हाक मारावी.