पाच शेळ्या, एक फोटो

हर्षालीने एंटर दाबलं आणि नळदुर्गजवळच्या तिच्या गावातल्या पाच शेळ्या वेबसाइटवर विक्रीला उभ्या राहिल्या. बायकांच्या गटाने तिला एकच संधी दिली होती. पहिलं गिऱ्हाईक माल घेऊन गेलं तर वेबसाइट, नाहीतर पुन्हा गोरोबा दलाल.

थोड्याच वेळात उमरग्याहून पहिल्या गिऱ्हाइकाचा, शरणबसप्पांचा फोन आला. "ताई, एकच शेळी पाच जागी इकता व्हय?"

हर्षालीने पाहिलं. पाचही मालकिणींच्या नावाखाली त्यांच्यातल्या सिताकाकूंचीच शेळी, मोटारसायकलच्या सीटवर ऐटीत चढलेली! लॅपटॉपवर प्रत्येकीचा फोल्डर वेगळा होता. सिंक करताना मात्र सगळे फोटो क्लाउडवर एकाच फोल्डरमध्ये गेले. तिथे एका नावाची एकच फाइल राहते, नंतरची आली की आधीची पुसली जाते. फाइलला तिने शेळीचं नाव दिलं होतं. आणि आपल्या काळ्याभोर शेळीचं नाव पाचही जणींनी 'काळी' असंच सांगितलं होतं.

"कर बंद ते मशीन," दारातून गोरोबा म्हणाला.

"न्हाय करत." तिने फाइलींना मालकिणींची नावं दिली आणि पुन्हा सिंक केलं. साइट सुधारली, पण शरणबसप्पांच्या मोबाइलने जुनाच फोटो धरून ठेवला. तो दाखवत ते टेम्पो घेऊन हर्षालीच्या दारात हजर. पाचही मालकिणी शेळ्या घेऊन जमल्या होत्या.

"हीच पायजे."

"ती इकायची न्हाय," सिताकाकू म्हणाल्या.

"मग फोटो कशाला टाकला, अव्वा?"

"लग्नात फोटो काढतेत, तवा नवरी इकायला काढलेली असती का?"

शरणबसप्पांनी भाव वाढवला. काकूंनी पाठ फिरवली.

"काकू, गिऱ्हाईक चाललं!" हर्षाली कुजबुजली.

"जाऊ दे. न्हाय म्हंजी न्हाय."

गोरोबा खूश झाला. शरणबसप्पा मात्र थबकले. "दलालाच्या तोंडून 'न्हाय' कधी ऐकलं न्हाय. 'न्हाय' म्हणणारं माणूस खोटं न्हाय बोलायचं. अव्वा, तुमीच सांगा, बाकीच्या चारीत चांगली कुठली?"

"दोन बऱ्या हायत. तिसरी लाथा मारती. चौथीला जुलाब लागलेत, न्हेऊ नका."

"सिते!" चौथीची मालकीण धुरपताबाई कडाडली.

टेम्पोत तीन शेळ्या चढल्या, लाथा मारणारीसुद्धा. गोरोबा निघून गेला.

हर्षालीने लॅपटॉप उघडला. "काकू, तुमच्या काळीचा फोटो काढून टाकते."

"हात लावू नगंस!" काकू म्हणाल्या. "येऊ देत फोन. न्हाय म्हणायला लई बरं वाटतंय."