मूळ स्थितीतल्या मिसेस स्टकी

ओहायोतल्या आमच्या बर्डेट गावात जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे आणि मी त्याचा परीक्षक क्रमांक दोन आहे. पद मानाचं असून बिनपगारी आहे. त्यामुळे त्यात भ्रष्टाचाराला वाव नाही, फक्त मूर्खपणाला आहे. पुढील हकिकत मी परीक्षक या नात्यानेच सांगतो आहे. माणूस म्हणून माझं मत अजून कोणी मागितलेलं नाही.

विल्डा स्टकी, वय वर्षे ऐंशी. शाळेच्या भोजनगृहात त्यांनी तीस वर्षं वाढपाचं काम केलं. माझ्यासकट अर्धा क्लब त्यांच्या हातचा कुस्करलेला बटाटा खाऊन मोठा झाला. एकोणीसशे त्रेसष्ट साली त्यांनी लोण्याच्या रंगाची, चार दारांची एक छोटी ‘पिपिन’ नवी कोरी घेतली आणि तेव्हापासून तीच चालवली. दर गुरुवारी डिकीत चिकन नूडल्सचं पातेलं ठेवून त्या अठरा मैलांवर बहिणीकडे जात. बहिणीची नजर अधू होत चालली होती. तिला आठवड्याची पत्रं वाचून दाखवायची, नखं कापून द्यायची, आणि तिला पानं दिसत नसल्याचा फायदा घेऊन पत्त्यांत हरवायचं, असा हा गुरुवार असे. चाळीस वर्षांत एकही चुकला नव्हता.

मग त्यांच्या मुलाला, छप्पन्न वर्षांच्या रँडीला, भंगारातल्या एका मोटारहोमचं साडेसात लिटरचं इंजिन मिळालं.

“आई, तुझी गाडी जरा नीट करून देतो.”

“तिला काय धाड भरलीय?”

“ताकद नाही गं तिच्यात.”

“मला काय तिनं नांगर ओढायचाय?”

पण रँडीला गाडी ‘झोपलेली’ करायची होती. आमच्या क्षेत्रात हा फार वरचा प्रकार समजतात. बाहेरून गाडी एखाद्या म्हातारीची दिसली पाहिजे आणि आत राक्षस बसवलेला असला पाहिजे. मालकाने मात्र त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दिखाऊपणाचा तिटकारा असलेल्या माणसांचा हा छंद आहे आणि त्यासाठी ते कितीही लोकांना गोळा करतात.

इंजिन आत मावेना, म्हणून बाजूचे पत्रे कापले. त्याच्या वजनाने गाडीचं नाक जमिनीला टेकलं, म्हणून ट्रकच्या स्प्रिंगा आल्या. हीटरला जागा उरली नाही, तो काढला. त्याची मूठ मात्र घासूनपुसून जागेवर ठेवली, कारण ती दिसते. आवाजावरून गुपित फुटू नये म्हणून चार सायलेन्सर बसवले. त्यांतले दोन डिकीत आले आणि नूडल्सचं पातेलं बाहेर राहिलं. स्टीअरिंग इतकं जड झालं, की ते फिरवायला रँडीला आधी पाय टेकून बसावं लागे.

“मला वळवता येत नाही रे ही,” मिसेस स्टकी म्हणाल्या.

“सरळ चालवून बघ ना आधी!” रँडी म्हणाला. “सरळ कसली जाते!”

बहिणीच्या वाटेवर अकरा वळणं होती.

क्लबापुढे मात्र वेगळाच पेच उभा राहिला. गाडी पाहून कोणालाही काहीच कळेना. लोक शेजारच्या लाल गाडीकडे जात. रँडी तीन प्रदर्शनं तोंड दाबून उभा राहिला आणि त्याचं वजन घटलं. अखेर अध्यक्ष ग्लेन यॉडर यांनी बैठक बोलावली.

“गुपित आहे हे लोकांना कळलंच नाही, तर गुपिताला अर्थ काय?” त्यांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. त्यानुसार ‘झोपलेली गाडी’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. प्रत्येक गुपितासमोर दोन बाय तीन फुटांचा फलक बंधनकारक झाला. राक्षस झाकलेला आहे याची खात्री पटावी म्हणून दहा, दोन आणि चार वाजता बॉनेट उघडण्याचं ठरलं.

उरले गुण. शंभरपैकी साठ ‘मूळ स्थिती’ला. डाव्या दाराला मिसेस स्टकींनी चौऱ्याहत्तर साली चर्चच्या खांबावर मिळवलेला पोचा होता. रँडीने तो हौसेने काढून घेतला होता, त्याचे तीन गुण मीच कापले. मग जुन्या फोटोवरून मापं घेऊन एका कसबी माणसाकडून तो पुन्हा पाडून घेण्यात आला. काम सुरेख झालं, खांबाने केलं त्याहून नीटस.

अनुक्रमांक सतरा होता: ‘मूळ मालक, हयात व आसनस्थ — चार गुण’.

म्हणून जूनपासून दर शनिवारी मिसेस स्टकी सकाळी नऊ ते पाच गाडीत बसू लागल्या. चालकाच्या बाजूला नव्हे, तिथे रँडीची टोपी असे. त्यांना त्रेसष्ट सालच्या धाटणीचा चष्मा देण्यात आला. त्यातून त्यांना दिसत नसे, पण बाहेरून त्या छान दिसत. मी यादी घेऊन खिडकीशी वाकलो.

“मिसेस स्टकी, गुडघा?”

“बदललाय. आठ वर्षं झाली.”

“मूळचा नाही म्हणजे.”

“तो झिजला होता, ल्यूथर.”

मी अर्धा गुण वजा केला. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यासाठी यादीत रकाना नव्हता. कानातलं यंत्र केसांखाली जात होतं, त्याकडे मी माणुसकी म्हणून काणाडोळा केला.

“गुरुवारचं काय रे करू?” त्यांनी विचारलं. “तीन आठवडे झाले, तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. पत्रं तशीच पडून असतील.”

अडचण कायद्याची होती. रँडीने गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट घेतली होती. अशी गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला आणि दुरुस्तीला नेता येते. बहिणीला नेता येत नाही. रँडी स्वतः गुरुवारी गाडीचे स्पार्क प्लग बदलत असे. त्यासाठी इंजिन अर्धं वर उचलावं लागे आणि त्यात दिवस जाई.

“सवलतीचा अर्ज करा,” मी म्हणालो.

त्यांनी केला. ग्लेनने तो सहानुभूतीने वाचला. बहिणीच्या अंगणाला प्रदर्शनस्थळ म्हणून मान्यता देता येईल, असं त्याने कळवलं. किमान पाच गाड्या, एक फिरतं शौचालय आणि ध्वनिक्षेपक असावा, एवढीच अट होती. मिसेस स्टकींनी शौचालयाची चौकशीसुद्धा केली. ते गुरुवारी मिळत नव्हतं.

ऑगस्टात काउंटीची जत्रा होती, वर्षाचं सगळ्यात मोठं प्रदर्शन. त्या सकाळी गाडीतली जागा रिकामी होती. आदल्या रविवारी चर्चच्या व्हॅनमधून मिसेस स्टकी दोन पिशव्या घेऊन बहिणीकडे गेल्या त्या गेल्याच. रँडी डोक्याला हात लावून बसला होता.

“आईनं असं करावं?” तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरले होते. “चार गुण, ल्यूथर! ऐन जत्रेच्या दिवशी!”

“साडेतीन,” मी म्हणालो.

ग्लेनने जागेवर दुरुस्ती मंजूर केली: मूळ मालक उपलब्ध नसल्यास तत्सम. बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानातून पुतळा आला. त्याला पांढरा टोप, चष्मा आणि मिसेस स्टकींचा स्वेटर चढवला. पुतळ्याचे दोन्ही गुडघे मूळचे होते. मी पूर्ण चार गुण दिले आणि पिपिन त्या अर्ध्या गुणाने पहिली आली.

त्याचा फोटो क्लबाच्या पानावर गेला. सहा हजार लोकांना तो आवडला. ‘आई असावी तर अशी’, ‘डोळ्यांत पाणी आलं’, ‘माझ्या आजीची आठवण झाली’ असं लोकांनी खाली लिहिलं. हे लिहिणाऱ्यांमध्ये त्या पुतळ्याचे नातेवाईक नव्हते, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. मिसेस स्टकींचे होते.

विजेत्याची निळी फीत मूळ मालकाला पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी अठरा मैल गेलो. दार मिसेस स्टकींनीच उघडलं. आत टेबलावर पत्ते मांडलेले होते.

“कशानं आलास?”

“माझ्या गाडीनं. रोजच्या.”

“बरं झालं. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी सातला आहे, शहरात. व्हॅन फक्त रविवारी असते आणि शेजारी म्हणतात आधी सांगायचं. ही तारीख चुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि डॉक्टर म्हणतो तेवढा वेळ तिच्या डोळ्यांकडे नाही. नेशील का रे?”

“गुरुवारी?” मी म्हणालो. “गुरुवारी माझं परीक्षण आहे हो, मिसेस स्टकी. तीन काउंट्यांचं.”

खोटं नव्हतं ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताट रिकामं करूनही भूक लागलेल्या पोराला बटाटा वाढायच्या आधी त्या असंच पाहत.

“असू दे मग,” त्या म्हणाल्या, “तुझं काम मोठं आहे,” आणि फीत घेऊन दार लावून घेतलं.

ऑपरेशन झालं की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. माझ्यावर डाफरायचं तर जरूर डाफरा, पण जरा थांबा. तुम्ही ही हकिकत पहिल्यापासून वाचलीत. इंजिन किती लिटरचं, सायलेन्सर किती, पोचा कुठल्या दाराला, हे तुम्हाला पाठ आहे. डोळे जायला आलेल्या त्या बाईचं नाव काय, हे एकदा तरी तुमच्या मनात आलं? मलाही ठाऊक नाही. यादीत तो रकाना नव्हता.