तीन चोची

एका जंगलात, मुलांनो, तुम्ही सहलीला जाता त्यात नव्हे, त्याच्या बरंच पलीकडे, तीन पक्षी राहत होते.

धोंडबा सुतारपक्षी वाळक्या सागावर चोचीने ठेका धरायचा. शेवंता सारस लांब मान वर करून तुतारीसारखा सूर लावायची. तो सूर पुढे कुठे वळेल, हे तिलाही आधी ठाऊक नसे. तिसरा भिकाजी कोतवाल. कोतवाल पक्ष्याला कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो. भिकाजीने अस्वलाचं घोरणं, म्हाताऱ्या वानराचा खोकला, पाण्यात पडणाऱ्या उंबराची डुबुक असे तुकडे जमवले होते. एकेक तुकडा तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. इतका, की शेवटी खोकल्याचंही गाणं व्हायचं.

तिघे रोज सकाळी तळ्याकाठी जमत. आपल्या गटाला ते ‘तीन चोची’ म्हणत.

पहिल्यांदा कुणाला काही उमगेना.

“गाणारा कुठाय?” सशाने विचारलं.

“गाणारा नाही,” धोंडबा म्हणाला.

“उशिरा येणार आहे का?”

“अहो, नाहीच आहे. आमच्यात शब्दच नाहीत.”

“अरेरे,” ससा म्हणाला. “कधीपासून?”

त्या हिवाळ्यात परदेशाहून एक बदक आलं. त्याने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणालं, “आमच्याकडे याला जॅझच्या अंगाचं हिपहॉप म्हणतात.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नाव आहे म्हणजे चांगलंच असणार. दुसऱ्या दिवसापासून चितळं माना डोलवू लागली. गवेसुद्धा डोलवू लागले, पण थोडे उशिरा.

आता या जंगलाचा राजा होता सिंह. त्याची दुपारची झोप उडाली होती. त्याचा प्रधान तरस. महाराजांचं मन रमावं म्हणून तो तिघांना गुहेत घेऊन गेला.

त्या दुपारी शेवंताला एक वळण सापडलं. तीन वर्षं ती ते शोधत होती. सूर अलगद वळला, धोंडबाने नेमका ठोका दिला, आणि तिचे डोळे भरून आले. तिने समोर पाहिलं. महाराज तोंड उघडं टाकून घोरत होते.

“महाराजांना फार आवडलं,” तरस कुजबुजला.

“पण ते ऐकतच नव्हते.”

“अहो बाई, ऐकलं असतं तर झोप कशी लागली असती?”

झालं. बातमी पसरली. हरणांना चरताना तीन चोची हव्यात. वानरांच्या पिल्लांना अभ्यास करताना हव्यात. अस्वलाच्या दवाखान्यात रोगी ताटकळत बसत, तिथेही हव्यात. अजगर स्वतः सरपटत भेटायला आला आणि म्हणाला, “तुमच्यामुळे मला अख्खं डुक्कर पचलं.”

“ताई, तुमचं सुरू असलं ना,” साळिंदर म्हणाली, “की कामात असं लक्ष लागतं! तुम्ही आहात हे मी साफ विसरते.”

भिकाजी हुरळून गेला. “शेवंताताई, पाच जंगलांत आपलं नाव झालंय!”

“झालंय रे,” शेवंता म्हणाली. “पण ऐकलंय कुणी?”

आणि एके सकाळी तिने चोच मिटली. धोंडबा थांबला. भिकाजीलाही थांबावं लागलं.

जंगल गप्प झालं. मग सगळ्यांना एकमेकांचे आवाज ऐकू येऊ लागले.

“तुम्ही खाताना नेहमी असाच आवाज करता?” हरिणीने नवऱ्याला विचारलं.

“लग्नापासून,” हरीण म्हणाला.

गुहेत महाराजांना दुपारी झोप लागेना. ते नुसते डोळे मिटून पडले. त्यामुळे आपण झोपल्यावर मंत्री काय बोलतात, ते त्यांना पहिल्यांदा कळलं. संध्याकाळपर्यंत दोन मंत्री कमी झाले आणि महाराजांना अपचन झालं.

तरस धावत तळ्यावर आला. “काय हवं ते मागा, पण सुरू करा!”

“एकदा नुसतं बसून ऐका,” शेवंता म्हणाली. “बाकी काही नको.”

ठरलं. सगळं जंगल ओळीने बसलं. खायचं नाही, झोपायचं नाही, असा हुकूम निघाला. शेवंताने मान उचलली. त्या दिवशीसारखं त्या तिघांनी कधीच वाजवलं नव्हतं. धोंडबाची चोच तापली. भिकाजीने उंबराची डुबुक अशी लावली, की बगळ्यांनी पाण्याकडे वळून पाहिलं.

संपलं. 

“इतके दिवस हे असं चालू असायचं?” ससा घाबरून म्हणाला.

“मधे कुणीतरी घोरत होतं, तेवढं उत्तम होतं,” अस्वल म्हणालं.

महाराज खाकरले. “तुम्ही गुणी आहात. पण याच्याकडे लक्ष जातं हो. लक्ष जाणार नाही असं वाजवा.”

दुसऱ्या दिवशी शेवंता निघाली. धोंडबाही निघाला.

“तू येतोस?” तिने भिकाजीला विचारलं.

भिकाजी रडायला लागला. त्या वेळी एकदाच तो स्वतःच्या आवाजात बोलला. तो आवाज अगदी बारीक होता. “ताई, माझे सगळे तुकडे इथले आहेत. तिकडे मी काय म्हणू?”

तो राहिला. ठेका त्यानेच धरला, तुतारीही त्यानेच काढली. दोघे गेल्याचं कुणाला कळलंच नाही. महाराजांना तर पूर्वीपेक्षा गाढ झोप लागू लागली. पुढे तीन चोचींचा मोठा सत्कार झाला. तीन शाली आणल्या होत्या. भिकाजीने एकट्याने तिन्ही पांघरल्या. भर उन्हाळ्यात.

शेवंता आणि धोंडबा नदीच्या पलीकडे राहू लागले. तिथे कुणीच नव्हतं. दोघे रोज सकाळी वाजवत, काठाने फिरत, पुन्हा वाजवत. कधीकधी धोंडबा ठेक्यात एक जागा रिकामी सोडायचा. ती भिकाजीची.

एका सकाळी नदीत एक रानम्हैस येऊन उभी राहिली. ती रवंथ करत होती. शेवंताने तिच्याकडे पाहिलंही नाही. सूर चढला, घुटमळला आणि भलतीकडेच वळला.

म्हशीचं तोंड हलायचं थांबलं.

वाजवणं संपलं तरी ती तशीच उभी होती. मग म्हणाली, “मघाशी ते वळलात ना, तिथे परत जाल का?”

आता शेवंताने तिच्याकडे पाहिलं.

“तेच पुन्हा येत नसतं, बाई,” धोंडबा म्हणाला. “पण जवळपास नेऊ.”

“चालेल,” म्हैस म्हणाली, आणि पाण्यात नीट बसली.

तात्पर्य : मुलांनो, कलावंताने नेहमी समोरच्याला झोप येईल असंच वाजवावं. त्याने शाली मिळतात. जागं करायला गेलं, तर फार फार तर एक म्हैस मिळते.