सरोवर विहारची माती

घर निवडताना लोक चुकतात, कारण ते घर पाहतात. मी जमीन पाहणार होते!

मी मृदाशास्त्रज्ञ आहे. म्हणजे माती तपासून पोट भरते. लखनौच्या आसपास ऊसर जमीन पुष्कळ. वर पांढरट थर, खाली क्षार, आणि मधोमध बिल्डरचा 'ग्रीन' अमुक-तमुकचा फलक. तिथे गवतसुद्धा माफी मागत उगवतं. अशा जमिनीवर लोक डोळे मिटून आयुष्यभराची कमाई ओततात आणि पुढे भिंतींना पोपडे आले की रंगाऱ्याला शिव्या देतात. आपण असं करायचं नाही, हे मी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं.

"मतलब मम्मा, तुम घर को भी लैब में ले जाओगी?" नेत्रानं विचारलं. नेत्रा ही आमची मुलगी. जन्म लखनौचा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"घर नाही. घराखालची माती."

"और मिट्टी फेल हो गई तो?"

"तर घर फेल."

"पापा, आप कुछ बोलो ना यार!"

पापा म्हणजे हृषीकेश. तो रेल्वेत इंजिनिअर आहे, आणि गाडी जाताना रूळ किती हादरतात हे मोजणं हे त्याचं काम. आम्ही मानक नगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. भिंती रेल्वेच्या, दारं रेल्वेची, खिळा ठोकायचा तरी मनात परवानगीचा अर्ज तयार होतो. नेत्रा अकरावीत गेली तरी अजून बैठकीतल्या दिवाणावर अभ्यास करते, आणि आलेला प्रत्येक पाहुणा तिच्या भौतिकशास्त्रावर बसतो. तिला स्वतःची खोली हवी होती. आम्हा तिघांनाही ती हवी होती.

आणि ती खोली सापडली होती! सीतापूर रोडवरून आत, सरोवर विहार नावाच्या वस्तीत. (सरोवर नाही. पावसाळ्यात मात्र नाव सार्थ होतं.) बाजपेयीजी नावाचे निवृत्त हिंदी शिक्षक आपलं घर विकून मुलाकडे बेंगळुरूला निघाले होते. मागे अंगण, अंगणात पेरू, वर पेरूच्या फांदीला टेकलेली एक खोली. नेत्रानं त्या खोलीत नुसती फेरी मारली आणि पडद्याचा रंग ठरवला. बँकेनं मंजूर केलेल्या कर्जात बसणारं सबंध लखनौतलं ते एकमेव घर होतं.

"घर चांगलं, माणसं चांगली, किंमत चांगली," हृषीकेश पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला. "आजच बयाणा देऊन टाकू."

"आधी नमुना," मी म्हणाले. "आणि मागून रेल्वेलाइन जाते. मालगाडीनं घर किती हादरतं, तेही मोजायला हवं."

ही दुसरी गोष्ट मी बोलायला नको होती. हृषीकेशचे डोळे एकदम चमकले. त्याच्याकडे कंपनं मोजायचं स्वतःचं यंत्र आहे, तिवईसकट. इतर नवरे हौसेनं गिटार घेतात.

रविवारी सकाळी आम्ही सरोवर विहारात पोचलो. माझ्या डोक्यावर उन्हाची टोपी, पायात गमबूट, हातात जमिनीत फिरवून माती काढायचं लांब लोखंडी गिरमिट. नेत्राच्या हातात टेप. हृषीकेशच्या अंगात झगझगीत नारंगी जॅकेट, कारण रुळाच्या जवळ जायचं तर जॅकेट हवंच, हा त्याचा नियम. नेत्राच्या वाढदिवसाला खेळण्यातली आगगाडी आणली तेव्हा त्यानं ते घातलं नव्हतं, याचंच मला नवल वाटलं होतं.

आता एक शास्त्रीय मुद्दा. एकाच जागची माती म्हणजे नमुना नव्हे. नमुने सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर घ्यावे लागतात. म्हणून मी मोठ्या रस्त्याकडच्या फाटकापासून सुरुवात केली, मग बागेचा कोपरा, मग बाजपेयीजींचं अंगण, आणि शेवटी रुळाच्या अलीकडची मोकळी जागा. वस्तीच्या चौकीदाराची रीतसर परवानगी घेतली होती. जिथे माती काढली तिथे खुणेसाठी एकेक खुंटी ठोकली आणि खुंटीला लाल फडकं बांधलं. मागे वळून पाहिलं तर रांग अशी सरळ, की मलाच माझं कौतुक वाटलं!

थोड्या वेळानं पायजमा आणि बनियनमधले एक गृहस्थ दात घासत आले.

"भाईसाहब, ये किस चीज़ का सर्वे है?"

"कंपन का," हृषीकेश यंत्रातून डोकं न काढता म्हणाला. "गाड़ी निकलेगी तो मकान कितने हिलेंगे, वो देख रहे हैं."

गृहस्थांचा ब्रश थांबला. "और मैडम?"

"मैं मिट्टी देख रही हूँ."

"आप लोग आए कहाँ से हैं?"

"मानक नगर से."

लखनौत मानक नगर म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा 'रेल्वे' म्हणतं. गृहस्थ तोंडातल्या फेसासकट धावत गेले. आम्ही एकही शब्द खोटा बोललो नव्हतो, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी आदरातिथ्य समजले. आधी खुर्च्या आल्या. मग चहा. मग समोसे. मग गरम जिलबी आणि दही. "पहले आप!" "नहीं मैडम, पहले आप!" असं करता करता जिलबी गार झाली, तेव्हा दुसरी गरम आली.

"किती प्रेमळ वस्ती आहे!" मी हृषीकेशला म्हणाले.

"मैडम, कितना गहरा जाएगा?" कुणीतरी विचारलं.

"अभी तो हाथ भर," मी म्हणाले. "ज़रूरत पड़ी तो और नीचे जाएँगे."

गर्दीतून 'अच्छाऽऽ' असा एक दीर्घ सुस्कारा उठला. गीता आंटी नावाच्या एक वयस्क बाई माझा हात धरून म्हणाल्या, "बिटिया, हमारे घुटने खराब हैं. हमारा ख़याल रखना."

"क्यों नहीं, आंटीजी!" मी म्हणाले. म्हटलं, शेजारधर्म आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले. एवढ्याशा शब्दानं डोळे पुसणारी माणसं मी माहेरी, सांगलीतही पाहिली नव्हती!

चार दिवसांनी प्रयोगशाळेतला निकाल आला. माती उत्तम निघाली. क्षार नाहीत, निचरा बरा, कढीपत्ता नक्की जगेल. घरही मालगाडीनं फारसं हादरत नव्हतं. मी विजयी मुद्रेनं दलालाला, म्हणजे शुक्लाजींना, फोन लावला.

"शुक्लाजी, हम बयाना लेकर आ रहे हैं!"



"मैडम," शुक्लाजी म्हणाले, "अब कैसा बयाना? वो रेट तो इतिहास हो गया. सरोवर विहार में मेट्रो आ रही है!"

"कुणी सांगितलं?" मी घाबरून मराठीतच ओरडले.

"सर्वे हो गया ना! रेलवे के बड़े अफ़सर आए थे. साथ में मिट्टी की साइंटिस्ट थीं. लाइन भी पड़ गई, सड़क से पटरी तक. लाल झंडी लगी है, हमने ख़ुद देखी."

मी फोन ठेवला. नेत्रा माझ्याकडे पाहत होती.

"मम्मा," ती शांतपणे म्हणाली, "वो लाल झंडी हमारा पुराना पर्दा है."

आम्ही तिघं गाडी काढून धावत सरोवर विहारात पोचलो. फाटकाजवळच्या मिठाईवाल्यानं दुकानावर 'मेट्रो मिष्ठान्न' लिहून घेतलं होतं. रंग अजून ओला होता. माझ्या खुंट्यांना कुणीतरी झेंडूच्या माळा घातल्या होत्या.

बाजपेयीजींनी आम्हाला आत नेलं, पंखा लावला, पाणी दिलं. "आइए बिटिया! आपने तो हमारी आँखें खोल दीं. हम तो मिट्टी के मोल सोना बेच रहे थे!"

"बाबूजी, कोई मेट्रो नहीं आ रही," मी म्हणाले.

बाजपेयीजी हसले. उठले, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हम समझते हैं. बताना मना होगा."

"अंकल, मेरा मेट्रो से कोई ताल्लुक़ ही नहीं है," हृषीकेश काकुळतीनं म्हणाला.

"वाह! क्या ईमानदारी है! बिलकुल यही कहना चाहिए."

"वो सर्वे हमने अपने लिए किया था! घर ख़रीदने के लिए!"

"एक मकान के लिए चार-चार जगह खुदाई?" त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. शाळेत खोटं निमित्त सांगणाऱ्या मुलाकडे चाळीस वर्षं असंच पाहिलं असणार. "ऐसा कौन करता है, बिटिया?"

ऐसा कौन करता है! म्हणून मी पुरावा द्यायला गेले. "बाबूजी, मैं सच कह रही हूँ. मिट्टी जाँचनी थी, बस. जाँच ली. मिट्टी पास हो गई, अब आप—"

"मिट्टी पास हो गई?" बाजपेयीजी ताडकन उठले, खिडकी उघडून भिंतीपलीकडे ओरडले, "अरे सुनते हो! मिट्टी पास हो गई!"

पलीकडून टाळ्या आल्या. त्यापलीकडच्या घरातून फटाका!

दहा मिनिटांत आम्ही बागेत, सतरंजीवर, गळ्यात हार घालून बसलो होतो. वस्तीची सभा भरली होती. मी ठरवलं, आता शांतपणे, मुद्देसूद, वर्गात शिकवावं तसं समजावून सांगायचं. उभी राहिले. इथली माती गाळाची कशी, पाणी किती वर, मेट्रोचा खांब उभारायला काय काय लागतं आणि त्यातलं आम्ही काहीच कसं केलं नाही, हे सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं व्याख्यान ते! सगळे तल्लीन होऊन ऐकत होते.

शेवटी दात घासणारे गृहस्थ उठले. "मैडम, बस एक बात. आपकी जाँच में मिट्टी किधर की बेहतर निकली? गेट की तरफ़, या पार्क की तरफ़?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण कुणी आकड्यांबद्दल विचारलं की माझ्या तोंडून खरंच बाहेर पडतं.

"पार्क की तरफ़," मी म्हणाले.

"देखा! स्टेशन पार्क में!" बागेकडचे उठले.

"हमारे बच्चे कहाँ खेलेंगे?" फाटकाकडचे उठले, आणि लगेच, "गेट वालों के साथ अन्याय नहीं चलेगा!" म्हणजे स्टेशन बागेत नको होतं आणि फाटकाकडे हवंही होतं. गीता आंटी दोन्ही बाजूंना ओरडून सांगत होत्या की लिफ्ट आपल्या दारासमोर द्यायचं मॅडमनं कबूल केलंय. एक खुर्ची उलटली. हृषीकेशनं माझा हात धरला, नेत्रानं गिरमिट उचललं, आणि आम्ही 'पहले आप' वगैरे काही न म्हणता तिथून निघालो.

परतीच्या वाटेवर नेत्रा मागच्या सीटवर गिरमिटावरची माती नखानं खरवडत होती. पडद्याच्या रंगाचा विषय आम्ही कुणी काढला नाही.

बँकेची मुदत संपत आली होती. महिनाभरानं शुक्लाजींनी अजून पुढे, पार शेतांच्या कडेला एक घर दाखवलं. वस्तीचं नाव सरोवर विहार विस्तार. घर लहान. अंगण म्हणजे पाट टाकून बसलं की संपतं. पण वर एक खोली होती, एकटीची, दाराला आतून कडी असलेली. नेत्रा आत गेली आणि आतून कडी घातली. बराच वेळ ती उघडली नाही, त्यावरून आम्ही समजलो.

मी सहज गाडीच्या डिकीकडे पाहिलं.

"नाही!" हृषीकेश म्हणाला.

"मम्मा, नहीं!" वरच्या खिडकीतून आवाज आला. "मिट्टी को हाथ भी मत लगाना!"

मी हात मागे बांधून उभी राहिले. किंमत ऐकली आणि हात आपोआप पुढे आले.

"शुक्लाजी, इतनी दूर, इतना छोटा घर, और ये दाम?"

"मैडम," शुक्लाजी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मेट्रो भी तो देखिए! यहाँ से पैदल का रास्ता है."

"पण मेट्रो येणार नाहीये! तो सर्वे आम्हीच…"

"हाँ तो!" शुक्लाजींचा चेहरा उजळला. "आपसे अच्छा कौन जानता है? आप ही ने तो किया था!"

आम्ही घर घेतलं. त्याच किमतीला. कर्ज थोडं वाढवून.

संध्याकाळी सांगलीला आईला फोन लावला. तिचे प्रश्न तयारच होते. किती लांब? बाजार जवळ आहे का? नेत्रा कॉलेजला कशी जाणार? रिक्षा मिळते का तरी? ऊसर-बिसर नाही ना गं, एवढी शिकलीस, माती तरी बघितलीस का?

"लांब आहे गं जरा," मी म्हणाले, "पण काही काळजी करू नकोस."

"का?"

हृषीकेश आणि नेत्रा, दोघंही माझ्याकडे बघत होते. मी पाठ फिरवली आणि आवाज खाली आणला.

"मेट्रो येणार आहे म्हणे."

आता तुम्ही हसाल. पण अहो, सगळी वस्ती सांगते. इतकी माणसं काय उगीच सांगतील?