पाणबुडीचं दार

खेळून बाहेर आलेल्या माणसाला खेळ खरंच आवडलाय की तो तोंडदेखलं बोलतोय, हे मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून सांगतो. अंदाज करत नाही, सांगतो. सहा वर्षं हेच काम करतोय. आमचं ऑफिस शाळांसाठी आणि संग्रहालयांसाठी व्हीआरचे छोटे छोटे खेळ बनवतं. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दहा-बारा मिनिटं ज्वालामुखीत नाहीतर मुंग्यांच्या वारुळात फिरायचं, तीन-चार कोडी सोडवायची आणि थोडंसं विज्ञान डोक्यात घेऊन बाहेर यायचं. खेळ बनवतात दुसरे. मी खेळाडूंचे अभिप्राय गोळा करतो.

"चेहरे वाचता येतात म्हणे तुम्हाला," बायको म्हणते. "मग कालपासून मी तुमच्याशी बोलत नाहीये, हे कळलं का?"

तिची गोष्ट वेगळी. ती खेळाडू नाही.

लेखी अभिप्रायांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या नव्या पाणबुडीच्या खेळाबद्दल एका आजोबांनी लिहिलं, 'मासे सुंदर, पण एकही हाताला लागला नाही.' सहावीतल्या एका मुलीनं लिहिलं, 'कोडी सोपी, हेडसेट जड, काका मागे उभं राहून जोरजोरात श्वास घेत होते.' एका गृहस्थांनी पाचपैकी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'बारा मिनिटं घरच्या कोणी काही विचारलं नाही. पुन्हा येईन.' आता यातून माणसानं काय समजायचं?

म्हणून मी एक नियम केला. खेळाडूला एकटं सोडायचं आणि बाहेर बसून स्क्रीनवर बघायचं. त्याला जे दिसतं ते आपल्यालाही दिसतं, तो जे बोलतो ते कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ऐकू येतं. मध्ये तोंड घालायचं नाही. मदत केली की अभिप्राय नासला. हा नियम मी स्वतःच्या अक्षरात लिहून चाचणीच्या खोलीबाहेर चिकटवला होता: 'खेळ चालू असताना खेळाडूशी बोलू नये. हाक मारली तरी नाही. वाचवा म्हणाला तरी नाही.'

"हे माणुसकीला धरून आहे का?" ताईनं तेव्हा विचारलं होतं. ताई म्हणजे आमची प्रोग्रामर. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, पण तिला ताई सोडून दुसरं काही म्हणायची ऑफिसात कोणाची छाती होत नाही. पाणबुडीचा खेळ तिनेच बनवलाय.

"शास्त्राला धरून आहे," मी म्हणालो होतो.

तर त्या शुक्रवारी चार वाजता विज्ञान संग्रहालयाच्या संचालकबाई स्वतः खेळ खेळून बघायला येणार होत्या. सकाळीच साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "बाईंनी खेळ घेतला तर उत्तम. नाही घेतला तर सोमवारपासून आपण चौघंच." आम्ही पाच जण आहोत. खेळ बनवणाऱ्याला काढून अभिप्राय गोळा करणाऱ्याला कोण ठेवेल? साहेब बोलताना खिडकीबाहेर बघत होते, आणि बाकीचे तिघं माझ्याकडे बघत नव्हते.

गुरुवारपासूनच कुणकुण होती, पण घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं. तरी डबा हातात देताना बायको म्हणाली होती, "काय झालंय?"

"कुठे काय?" म्हणालो आणि निघालो.

बाई बरोबर चारला आल्या. साठीच्या, बुटक्या, केस अगदी बारीक कापलेले, पायात पळायचे बूट. चाचणीची खोली म्हणजे आमची जुनी सामानाची खोली. तिला खिडकी नाही, एकच दार. बाईंनी उंबऱ्यावरूनच आत नजर फिरवली.

"मला बंद खोलीत गुदमरतं," त्या म्हणाल्या. "एकदा लिफ्टमध्ये तासभर अडकले होते, तेव्हापासून. दार उघडं ठेवाल ना?"

"अर्थातच. अगदी निश्चिंत राहा."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हेडसेट चढवला, पाणबुडीत शिरल्या आणि खोल समुद्राकडे निघाल्या.

आणि नेमके तेव्हाच साहेब पॅसेजमध्ये फोनवर कोणाशी तरी वाद घालायला लागले. तिकडे प्रिंटरही खडखडायला लागला. समुद्राच्या तळाशी बसलेल्या बाईला प्रिंटर ऐकू आला तर खेळात राहिलं काय? मी मनाशी म्हटलं, बारा मिनिटांचा तर प्रश्न आहे. डोळ्यांवर हेडसेट आहे, त्यांना दिसणार थोडंच. शेवटच्या मिनिटाला गुपचूप उघडू. आणि मी दार ओढलं.

त्या दाराची मूठ महिनाभर सैल होती. ते हळू ओढायचं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. स्क्रू आवळायचं काम माझ्याकडे होतं.

खटका बसला आणि मूठ माझ्या हातात आली.

मी ती घाईघाईनं परत भोकात बसवायला गेलो. जोर जरा जास्त झाला. मधली चौकोनी दांडी पलीकडे सरकली आणि आतली मूठ दांडीसकट खाली पडली. ठण्ण.

हेडफोनमध्ये बाईंचा आवाज आला, "काही पडलं का?"

नियमाप्रमाणे मी गप्प राहिलो. बाहेरची मूठ खिशात टाकली आणि घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं उरली होती.

टेबलावरून कात्री आणली, टोक भोकात घातलं, पिळलं. कट्ट आवाज झाला आणि कात्रीचं टोक आतच राहिलं. आता बाहेरून त्या भोकात टाचणीसुद्धा जाणार नव्हती. मी धावत जाऊन ताईला हाताला धरून आणलं आणि जमेल तितक्या हळू सगळं सांगितलं.

"पण त्यांनी दार उघडं ठेवायला सांगितलं होतं," ताई म्हणाली. "मी ऐकलंय."

"मीही ऐकलंय."

"मग लावलं कशाला?"

मी प्रिंटरकडे बोट दाखवलं. ताईनं प्रिंटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या दोघांत तिला प्रिंटर जास्त समजूतदार वाटला असावा.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी कुलूपवाल्याला फोन लावला. "अर्ध्या तासात पोचतो," तो म्हणाला. "तोवर आतून कोणी ती मूठ बसवून फिरवली तर उघडेल. अर्धी दांडी गेली तरी पुरे. नाहीतर दार फोडा."

"फोडू या," साहेब कुजबुजले.

"आणि आत त्यांना काय वाटेल?" ताई म्हणाली. "समुद्राच्या तळाशी आहेत त्या."

स्क्रीनवर बाईंनी पहिलं कोडं सोडवलं होतं, पाण्याच्या दाबाचं. मुलांना त्याला चार मिनिटं लागतात. बाईंना दीड लागलं. मग टाक्यांचं दुसरं कोडं आलं. टाकीत हवा सोडायची, पाणी बाहेर ढकलायचं, म्हणजे पाणबुडी वर चढते. तेही त्यांनी पटकन संपवलं. शेवटच्या कोड्यानंतर खेळ संपणार, बाई हेडसेट काढणार, आणि समोर चार भिंती आणि बंद दार.

"थांबव त्यांना," मी म्हणालो.

ताईनं हेडफोनची वायर उपटून आवाज बारीक करून स्पीकरवर घेतला आणि पटापट काहीतरी टाइप केलं. टाक्या पुन्हा पाण्यानं भरल्या आणि पाणबुडी परत खाली बसली.

"अरे, हे तर केलं होतं मी," बाई म्हणाल्या आणि मुकाट्यानं पुन्हा करायला लागल्या. पण आता त्यांचे हात सावकाश चालत होते, आणि स्पीकरवर श्वास ऐकू येत होता. जोरजोरात, तुटक तुटक.

"रंगल्यात अगदी," मी साहेबांना म्हणालो.

"रंगल्या नाहीत, घाबरल्यात," ताई म्हणाली. "ऐका ना नीट."

मी ऐकलं. सहा वर्षं मी असे श्वास ऐकत आलोय आणि प्रत्येक वेळी वहीत 'खेळाडू तल्लीन' असं लिहीत आलोय. सहावीतली ती मुलगी एकदम आठवली. तिनं माझा श्वास बरोबर ओळखला होता.

"कोणी आहे का तिथे?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

आणि मला सांगायला लाज वाटते, पण माझा हात सवयीनं भिंतीवरच्या त्या कागदाकडे गेला. वाचवा म्हणाला तरी नाही. ताईनं तो कागद टरकन फाडला, चुरगळून माझ्या हातात दिला आणि माइक माझ्यापुढे सरकवला.

"दार तुम्ही लावलंत, तुम्हीच बोला. मी हेडसेटवरचे कॅमेरे सुरू करते. सगळी खोली नको, एकदम चार भिंती दिसल्या तर दचकतील. फक्त दाराजवळची जागा दिसेल. बाकी समुद्र राहू दे."

"काय बोलू?"

"खरं ते."

माझ्या तोंडून खरं एकदम कुठलं निघायला. घसा खाकरून मी म्हणालो, "नमस्कार. मी... या पाणबुडीचा कॅप्टन बोलतोय."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

"बोला, कॅप्टन," बाई म्हणाल्या. आवाज थरथरत होता, पण आवाजाला आवाज मिळाल्याचं त्यांना बरं वाटलं असावं.

"पाणबुडीचं दार अडकलंय. घाबरू नका. तुमच्या उजवीकडे खाली एक उजेडाचा चौकोन दिसेल. त्यात दाराची मूठ पडली आहे. ती उचलायची, दाराच्या भोकात बसवायची आणि फिरवायची."

स्क्रीनवर निळ्या पाण्यात आमच्या खोलीची फरशी दिसायला लागली, जराशी धुरकट. त्यात ती मूठ. बाईंचा हात तिच्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"कॅप्टन, दार उघडं होतं ना?"

श्वास तसाच चालला होता. ताई माझ्याकडे बघत होती. साहेबही बघत होते. सोमवार गेलाच होता म्हणा.

"होतं, बाई," मी म्हणालो. "मी लावलं. तुम्हाला शब्द देऊन लावलं. चूक माझी आहे."

मग त्यांनी मूठ उचलली. पहिल्यांदा भोक चुकलं. दुसऱ्यांदा बसली.

"फिरत नाहीये."

"डावीकडे, हळू. ती सैल आहे. स्क्रू आवळायचं काम माझ्याकडे होतं. महिनाभर केलं नाही."

"आणखी काही सांगायचंय, कॅप्टन?"

"कात्रीपण मीच मोडली."

खटका सरकला. दार उघडलं आणि बाई हेडसेटसकट बाहेर आल्या. साहेबांनी खुर्ची पुढे केली, ताईनं पाणी दिलं. हेडसेट काढला तेव्हा बाईंचं कपाळ घामानं डबडबलेलं होतं. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि अभिप्रायाचा फॉर्म मागून घेतला.

दहा मिनिटं त्या लिहीत होत्या. मी समोर उभं राहून त्यांचा चेहरा वाचला. ओठ घट्ट मिटलेले, भुवया ताणलेल्या, मान खाली. इतकी स्पष्ट नापसंती मी सहा वर्षांत पाहिली नव्हती. मी साहेबांच्या कानात म्हणालो, "गेलं. सपशेल गेलं." आणि टेबलाच्या खणात आपलं स्वतःचं असं काय काय आहे, ते आठवायला लागलो. एक छत्री होती, आणि चष्म्याची रिकामी डबी.

बाईंनी फॉर्म उलटा करून टेबलावर ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि जिन्यानं खाली गेल्या. लिफ्टकडे त्यांनी बघितलंही नाही. फॉर्म वाचायला कोणीच पुढे होईना. शेवटी ताईनं मोठ्यानं वाचला.

'कोडी: चांगली. दुसरं दोनदा का सोडवावं लागलं, ते कळलं नाही. सर्वांत खरा वाटलेला भाग: शेवटचं दार. सूचना: कॅप्टन कायम ठेवा. मुलं घाबरली की त्यांच्याशी बोलणारं कोणीतरी हवं. याच गृहस्थांना बसवा. निर्णय: संग्रहालय खेळ घेत आहे.'

साहेब खाली बसले. ताईनं डोळे पुसले आणि पुसलेच नाहीत असं दाखवलं. मला तर एकदम इतकं हलकं वाटलं की प्रिंटरचीही माफी मागावीशी वाटली.

"खाली अजून आहे," ताई म्हणाली. "हे तुमच्यासाठी आहे." आणि कागद माझ्या हातात दिला.

'माझा चेहरा तुम्ही फार वेळ न्याहाळत होतात. काही कळलं का? "निश्चिंत राहा" म्हणालात तेव्हाच तुमच्या चेहऱ्यावरून मला कळलं होतं, तुम्ही दार लावणार. तरी विश्वास ठेवून आत गेले, आणि दारातून येणारा वारा थांबला तेव्हा फार घाबरले. नंतर फक्त एवढंच बघत होते, तुम्ही सांगता का आणि केव्हा. खोटं तुम्हाला जमत नाही. प्रयत्न करू नका.'

कागद घडी करून मी खिशात ठेवला. आता मी दिवसभर माइकसमोर बसतो आणि मुलांशी बोलतो. चेहरे वाचायचं काम ताईकडे दिलंय.

त्या दिवशी घरी जाताना मात्र ठरवलं होतं, बायकोला एकदम सांगायचं नाही. आधी गंभीर तोंड करून बसायचं, ती काळजीत पडली की मग हळूच सांगायचं. जिन्यात थांबून चेहरा नीट पाडून घेतला आणि बेल वाजवली.

तिनं दार उघडलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत जाता जाता म्हणाली, "नोकरी वाचली वाटतं. आणि खिशात कोणाच्या दाराची मूठ घेऊन आलात?"