कोळशाची भेग

भिंत पडली तेव्हा माझा दीर दामू तिच्या बुडाशी बसलेला होता. चौथीच्या वर्गात, पोरांच्या बसायच्या पट्टीवर. वय साठीच्या पुढे. ढिगाऱ्यातून आधी दिसला तो त्याचा हात. बोटांना कोळसा लागलेला.

कोळशाचं सांगते. धरणगावजवळच्या आमच्या गावातल्या शाळेची ही भिंत जुनी, मातीत बांधलेली. वरपासून खालपर्यंत भेग. दुरुस्तीचा ठराव तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला गेला आणि तिथंच मुरला. मग पैसे आले, पण ते रंगाचे. मार्च संपायच्या आत खर्च केले नाहीत तर परत जातात. म्हणून भेग बुजवली आणि तिच्यावर निळी आगगाडी काढली. डब्यांच्या खिडक्यांत बाराखडी. शाळा फार छान दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दामू चुलीतला कोळसा घेऊन गेला आणि होती तिथंच भेग परत काढून आला. मास्तरांनी पुसली. त्यानं पुन्हा काढली. मास्तर वैतागले, "नाना, भिंत का खराब करता?"

"मी खराब नही करस. व्हती तशी करस."

पाहणीला साहेब आले. भिंतीवरच्या गाडीपुढं उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. दामू म्हणाला, "साहेब, गाडी मस्त शे. पन भिंत मरेल शे." सगळे हसले. मीही हसले.

हसण्यासारखंच होतं. तरुणपणी एरंडोलला मुलगी पाहायला गेला, तर मुलीकडं न बघता तिच्या बापाच्या भिंतीवर बुक्क्या मारत बसला. "हाई घर पडी," म्हणाला. लग्न मोडलं. ते घर अजून उभं आहे. त्या बाईला नातवंडं झाली, दामू एकटाच राहिला. कुणाकडंही गेला की भिंतीला म्हणून टेकत नसे. अशा माणसाचं कोण ऐकणार?

पावसाळा लागला तसा तो वर्गात जाऊन बसायला लागला, त्याच भिंतीला लागून. दुसरी खोली गळकी, म्हणून चौथीची पोरं तिथंच बसायची. मास्तर म्हणाले, "नाना, यंदा परीक्षा देता का?" गाव म्हणालं, म्हातारा खिचडीसाठी जातो. शाळेची खिचडी मीच शिजवते. मी त्याला झापलं, "दामू, लाज शे का तुले? पोरेसनी जागा अडाई बठस."

"मी बठस तठे पोऱ्या बठत नही, वहिनी."

मी ताट पुढं केलं. त्यानं ते जवळच्या पोरीकडं सरकवलं.

श्रावणात झड लागली ती थांबेना. दुपारी मी वर्गातच खिचडी वाढत होते. वरून माती गळायला लागली. दामू सगळ्यांना ओरडला, "बठ्ठा तिकडे सरका रे!" पोरं ताटं टाकून दाराकडं पळाली. त्याला गुडघ्यांवर हात टेकून उठायला वेळ लागायचा. तेवढ्यात भिंत आत आली.

आता तिथं ताडपत्री बांधली आहे. नव्या खोलीला मंजुरी मिळाली म्हणतात.

त्या वर्गात तेव्हा चौथीची पोरं होती, मास्तर होते आणि मी होते. आम्ही सगळे जिवंत आहोत.